रस्ता बसच्या दारापासून मोजायला घ्या

डेपोकर | शनिवार, रात्री ९.१०

मंडळी, नमस्कार. एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालो, त्याला आता तीन वर्षं होतील. माझ्या डोळ्यांदेखत मुंबईचे रस्ते फार बदलले. उड्डाणपूल झाले, मेट्रोचे खांब उभे राहिले, डांबर गेलं आणि सिमेंट आलं. पण बसचं दार उघडल्यावर उतारूचा पाय जिथे पडतो, ती हातभर जागा होती तशीच राहिली. आज त्या जागेबद्दल लिहायचं आहे.

२००९ सालची गोष्ट. पावसाळा होता, संध्याकाळचे सात वाजले असतील. घाटकोपर पश्चिमेला एका शाळेसमोरचा थांबा. थांब्याच्या पुढ्यात रोजच्यासारख्या चार रिक्षा आणि त्यांच्या मागे माल उतरवणारा टेम्पो. गाडी कडेला घ्यायला वावच नव्हता, म्हणून फुटपाथपासून दीड-दोन मीटर लांब उभी केली. पुढच्या दाराने एक मावशी उतरल्या. हातात भाजीची पिशवी, डोक्यावर प्लास्टिक. त्यांनी पाय खाली टेकला आणि त्याच क्षणी बस आणि रिक्षांच्या मधल्या फटीतून एक मोटरसायकल आली. मांडीचं हाड मोडलं. मी डाव्या आरशात सगळं बघत होतो आणि हातात स्टिअरिंग असून काही करू शकत नव्हतो. जबाब झाले, मोटरसायकलवाल्यावर केस झाली, माझ्यावर ठपका आला नाही. पण रोज पावणेसातला चढणाऱ्या त्या मावशी मला पुन्हा कधी दिसल्या नाहीत.

मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. त्याआधी ट्राम होती आणि ती ३१ मार्च १९६४ पर्यंत टिकली. रूळ रस्त्याच्या मध्यावर, म्हणून ट्रामचे लोक भर रस्त्यात उतरायचे. ट्राम जाऊन साठ वर्षं झाली तरी आपले उतारू अजून भर रस्त्यातच उतरतात.

निवृत्तीनंतर पहिल्यांदा मी रस्ता पायी बघितला. बायकोच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. घरापासून थांब्यापर्यंत साडेतीनशे मीटर. एवढ्या अंतरात ती अकरा वेळा फुटपाथवरून खाली उतरते आणि अकरा वेळा वर चढते. मग एक दिवस मी मुलाची मोजपट्टी खिशात टाकून निघालो. नकाशावर फुटपाथ आहे सव्वादोन मीटर रुंद. विजेचा डबा आणि झाडाचा कट्टा यांच्यामध्ये प्रत्यक्ष चालायला उरलेत ६८ सेंटीमीटर. फुटपाथची कड रस्त्यापासून कुठे १६ सेंटीमीटर, कुठे २९. बायको २९ सेंटीमीटर उतरताना आधी विजेच्या डब्याला हात लावते, मग उजवा पाय खाली सोडते, मग थांबते. तेवढ्यात मागून कोणीतरी हॉर्न वाजवतो.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. रस्ते कसे बांधायचे याचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने पादचाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली आहे, आयआरसी १०३ म्हणतात तिला. त्यात लिहिलंय की चालायला कमीत कमी १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच जागा अडथळ्याविना मोकळी हवी. खांब, डबे, झाडं, बाकं यांची पट्टी वेगळी, दुकानांसमोरची पट्टी वेगळी. कडेची उंची १५ सेंटीमीटरच्या वर नको. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर वापरता येईल असा फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे असं स्पष्ट सांगितलं.

मग अडतं कुठे? माझ्या मते पहिल्या रेघेशी. रस्ता आखताना मध्यातून रेघ मारतात, दोन्हीकडे गाड्यांच्या लेन आखत बाहेर येतात आणि शेवटी जे उरेल तो फुटपाथ. पहिली रेघ इमारतीच्या भिंतीपासून मारायला हवी. आधी चालणारा, मग थांब्यावर उभा असलेला, मग बस, आणि मग बाकीच्या गाड्या. प्रत्येक जण गाडीतून उतरला की चालणाराच असतो.

तुमच्या भागातले अनुभव लिहा. फक्त तक्रार नको, काय करता येईल तेही लिहा.


कुर्ल्याचा_पाऊस | शनिवार, रात्री १०.०२

काका, मनापासून लिहिलंय. मात्र मी गाडी चालवणारा माणूस आहे. हौस म्हणून चालवत नाही. आई डायलिसिसवर आहे, आठवड्यातून तीनदा तिला हॉस्पिटलात न्यावं लागतं. रिक्षात तिला बसवत नाही. आमचा रस्ता आधीच अरुंद. त्यातून फुटपाथ रुंद केला तर गाड्या जाणार कुठून? आणि बससाठी वेगळी जागा म्हणजे थांब्याला आत वळवलेला खाचा करा ना. बस आत जाईल, मागची रहदारी सुटेल. सगळ्यांचंच भलं.


डेपोकर | शनिवार, रात्री १०.४५

दादा, तुमचा मुद्दा खरा आहे आणि तुमच्या आईसाठी गाडी लागणारच. आधी खाच्याबद्दल बोलतो, कारण ते मी हाताने केलेलं काम आहे.

आत वळलेल्या थांब्याला आम्ही बे म्हणतो. कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात सकाळी सहाला त्या बेमध्ये दोन टॅक्सी आणि एक पाण्याचा टँकर असतो, कारण मोकळी जागा दिसली की तिथे गाडी लागते. बे रिकामा मिळाला तरी बारा मीटरची बस त्यात सरळ लागत नाही. नाक आत जातं, शेपूट बाहेर राहतं. पुढचं दार फुटपाथला, मागचं दार हवेत. माणसं घेतली की बाहेर पडायचं. उजवा इंडिकेटर लावून मी मिनिट-दीड मिनिट बसलेलो आहे, एकही गाडी थांबत नाही. शेवटी चालक नाक घुसवतो आणि लोक म्हणतात बसवाले दादागिरी करतात. पुढच्या वेळी तो बेमध्ये शिरतच नाही, बाहेरच उभा राहतो. २००९ साली मी तेच केलं होतं.

याच्या उलटं करावं. थांब्यापाशी फुटपाथच पार्किंगच्या पट्टीइतका पुढे आणायचा, बस आपल्या लेनमध्ये सरळ येऊन उभी राहील इतका. मग तिथे गाडी लागू शकत नाही, कारण तिथे रस्ताच नाही. बस वळत नाही, दोन्ही दारं फुटपाथला टेकतात. बस आणि कडेच्या मधून मोटरसायकल जायला फट उरत नाही. तुम्ही म्हणाल मागची रहदारी थांबेल. थांबेल, पंधरा-वीस सेकंद. आज बस वाकडी उभी राहून दोन लेन अडवते, त्यापेक्षा हे कमी आहे. आणि उंचीचं बघा. लो फ्लोअर बसचा पाटा जमिनीपासून ४० सेंटीमीटरवर. उतारू १५ सेंटीमीटरच्या फुटपाथवर उभा असेल तर पायरी उरते २५ ची. रस्त्यावर उभा असेल तर पूर्ण ४०. तुमच्या आईला या दोन्हींतला फरक लगेच कळेल.

रुंदीचं गणित उद्या मांडतो. आता डोळे मिटतायत.


पांढरी_काठी | रविवार, सकाळी ७.२०

मी जन्मतः दृष्टिहीन आहे. फोर्टमध्ये नोकरी करतो, रोज लोकलने येतो आणि स्टेशनपासून चालत जातो. स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकला आणि लिहावंसं वाटलं.

मला रस्ता कसा कळतो ते सांगतो. काठीचं टोक डाव्या-उजव्या बाजूला हलत असतं. मी एक कड धरून चालतो, बहुतेक वेळा भिंतीची. भिंत सरळ असली की मी डोळसांइतकाच वेगात चालतो. भिंतीला लागून मोटरसायकल उभी असेल तर कड तुटते. वळसा घालून पुन्हा कड शोधायची, तोवर दिशा हरवते. फुटपाथचा खड्डा काठीला सापडतो. ताडपत्रीची दोरी सापडत नाही. ती गळ्याच्या उंचीवर असते. माझ्या हनुवटीखाली अशा एका दोरीचा वण आहे. काकांनी लिहिलेले ते २.२ मीटर उंचीचे शब्द कागदावर कोरडे वाटतात, पण ते माझ्या गळ्यासाठी लिहिलेले आहेत.

पिवळ्या खडबडीत फरशा बऱ्याच ठिकाणी आल्या, चांगलं झालं. त्यांची भाषा असते. लांब उभ्या रेघा म्हणजे चालत राहा, गोल टिकल्या म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. आमच्या ऑफिसजवळ रेघांच्या फरशा सरळ एका दिव्याच्या खांबाला जाऊन भिडतात. लावणाऱ्याला ती नक्षी वाटली असावी. त्यांच्यावर डोळे मिटून दहा पावलं चालून बघितलं असतं तर ते लगेच लक्षात आलं असतं.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर आमच्यातच दोन मतं आहेत. व्हीलचेअरवाल्यांना फुटपाथ आणि रस्ता यांच्या मध्ये उंबरा नको, अगदी सपाट उतार हवा. मला तो उंबराच सांगतो की फुटपाथ संपला. सगळं सपाट केलं तर मी न कळता रस्त्याच्या मध्यावर पोचेन. विजेच्या बसचा आवाजही येत नाही आता. म्हणून उतार करा, पण त्याच्या तोंडाशी पूर्ण रुंदीभर टिकल्यांच्या फरशा लावा. दोघांचं काम होतं.


अनघाची_ताई | रविवार, सकाळी ९.०५

पांढरी_काठी, तुमचं अगदी पटलं. माझी धाकटी बहीण व्हीलचेअर वापरते. टिकल्यांवरून चेअर जाताना तिला हादरे बसतात, पण दोन फूट हादरे ती आनंदाने सोसेल. तिचा प्रश्न फुटपाथवर चढण्याआधीच सुरू होतो. फुटपाथवर मोटरसायकली चढू नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी खुंट लावतात, आणि ते इतके जवळ जवळ की चेअरही जात नाही. २०२३ साली याच प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली होती. त्यानंतर काही ठिकाणी खुंट लांब लांब केले गेले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मात्र अजून ५५ सेंटीमीटरचं अंतर आहे. अनघाची चेअर ६४ सेंटीमीटर रुंद. ती कॉलेजला रोज रस्त्यावरून जाते, गाड्यांच्या तोंडासमोरून, आणि मी तिच्या उजव्या बाजूने चालते.


डेपोकर | रविवार, सकाळी ११.३०

अनघाताईंना आणि काठीवाल्या दादांना नमस्कार. एकतीस वर्षं आरशात बघूनही हे दिसलं नव्हतं.

आता ते रुंदीचं गणित. मुंबईत विकास आराखड्यातले रस्ते ठरलेल्या रुंदीचे असतात: ४४ फुटी, ६० फुटी, ९० फुटी. आमचा साठ फुटी, म्हणजे १८.३० मीटर. भिंतीपासून सुरू करू. दोन्ही बाजूंना चालायला २.५ मीटर आणि खांब-झाडं-डब्यांना १.२ मीटर. एका बाजूचे ३.७, दोन्हीचे ७.४. उरले १०.९. येणारी एक आणि जाणारी एक लेन, प्रत्येकी ३.२५. बस आरामात जाते, मी चालवलेली आहे. ते झाले ६.५. उरले ४.४. म्हणजे दोन्ही बाजूंना २.२ मीटरची एकेक पट्टी. या पट्टीत रिक्षा स्टँड, माल उतरवायची जागा, थोडं पार्किंग, आणि थांब्यापाशी तीच पट्टी फुटपाथ होऊन पुढे येते. कुर्ल्याच्या दादा, यात तुमची गाडी कुठेही कमी झालेली नाही. आज त्या रस्त्यावर कागदोपत्री चार लेन आहेत, पण कडेच्या दोन लेनमध्ये दिवसभर गाड्या उभ्या असतात. धावतात दोनच लेन. हेच वास्तव नीट आखून घ्यायचं.

सायकलसाठी वेगळी पट्टी यात बसत नाही हे मान्य. अशा रस्त्यावर गाड्यांचा वेग तीसच्या आत ठेवला तर सायकलवाला लेनमध्येच सुखाने चालतो. वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत, सायकलचा वेगळा ट्रॅक केला होता, त्यावर गाड्याच लागल्या.


सिमेंटपाणी | रविवार, दुपारी २.१५

मी काँक्रीट रस्त्यांच्या कामावर साइट इंजिनियर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. महापालिकेने गेल्या काही वर्षांत सुमारे ७०० किलोमीटर रस्ते सिमेंटचे करायला घेतलेत, त्यातल्या एका पॅकेजवर होतो. काका, तुमच्या २९ सेंटीमीटरचं कारण मला माहीत आहे.

सिमेंटच्या रस्त्याचा वरचा थर जवळपास फूटभर जाडीचा असतो, त्याखाली आणखी थर. जुना रस्ता तेवढा खोल खणून नवा त्याच पातळीत बसवायचा असतो. खणायला गेलं की वर आलेली पाण्याची लाइन लागते, विजेची केबल लागते, कुणाचीच नोंद नसलेली केबल लागते. ज्याची त्याने हलवायची तर पत्रव्यवहारात पावसाळा येतो. मग पातळी वर घेतली जाते. रस्ता वर गेला म्हणून फुटपाथ वर घ्यायचा, फुटपाथ वर गेला म्हणून सोसायटीचं गेट खड्ड्यात जातं, सोसायटी ओरडते, मग गेटपाशी फुटपाथ तोडून गाडीसाठी घसरगुंडी करायची. तुमच्या घरापासून थांब्यापर्यंत अकरा चढउतार म्हणतात ना, ती अकरा गेटं असतील. बरोबर की नाही सांगा.

याचा उपाय साधा आहे आणि मी एका ठिकाणी करून बघितलाय. गेटपाशी फुटपाथ खाली आणायचा नाही. तो सरळ एका पातळीत जाऊ द्यायचा आणि गाडीने कडेच्या पट्टीतला छोटा उतार चढून, फुटपाथ ओलांडून आत जायचं. चालणारा सपाट चालतो आणि गाडीवाला आपोआप हळू होतो. त्या रस्त्यावर पहिल्या आठवड्यात तीन सोसायट्यांनी तक्रार केली. महिनाभरानंतर कुणी काही बोललं नाही.

आता काकांच्या पुढे आणलेल्या थांब्याबद्दल एक काळजी सांगतो, नाहीतर पहिल्याच पावसात लोक ते तोडायला सांगतील. आपल्याकडे रस्त्याचं पाणी मध्यातून कडेला येतं आणि कडेने वाहत जाऊन जाळीत पडतं. फुटपाथ पुढे आणला की ती वाट अडते. थांब्याच्या वरच्या अंगाला तळं साचेल आणि बसची वाट बघणारे त्यातच उभे राहतील. म्हणून चढाच्या बाजूला, थांब्याच्या सुरुवातीलाच मोठी जाळी हवी, किंवा जुनी कडेची वाट तशीच ठेवून तिच्यावर उचलता येतील अशी झाकणं टाकायची. गाळ काढणाऱ्याचा हात आत गेला पाहिजे. हे ड्रॉइंगवर आधीच असावं लागतं. मागाहून सुचलं की परवडत नाही.

फुटपाथ नेहमी कामाच्या शेवटी येतो. तोवर पैसे संपत आलेले असतात, मे महिना संपत आलेला असतो आणि सगळे रस्ता खुला करायच्या मागे असतात. पेव्हर ब्लॉक खाली नीट न दाबता बसवले जातात. मला याची लाज वाटते, म्हणून लिहितोय.


डेपोकर | रविवार, दुपारी ३.००

सिमेंटपाणी, आत्ता जाऊन मोजून आलो. नऊ गेटं आणि दोन गल्ल्यांची तोंडं. अकरा.


पथारी | रविवार, रात्री ८.४०

सगळ्यांचं वाचलं. आम्हा फेरीवाल्यांबद्दल दोरीपुरतंच आलंय, म्हणून लिहिते.

माझी आई पंचवीस वर्षं फुटपाथवर भाजी विकते. तिच्याच पैशावर मी बी.कॉम. झाले. दादांच्या गळ्याला लागली तशी दोरी आमच्याकडेही आहे. आजच भावाला सांगून ती वर बांधली, आणि तिला लाल फडकं न लावता थेट साडेसात फुटांवर नेली, कारण फडकं दादांना दिसणार नाही. हे आधी सुचायला हवं होतं.

पण फुटपाथ मोकळा करा म्हटलं की पहिली गाडी आमच्यावर येते. सहा महिन्यांपूर्वी आईचा वजनकाटा आणि दोन क्रेट टोमॅटो उचलून नेले. त्याच फुटपाथवरच्या चौदा मोटरसायकली जिथल्या तिथे. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ चा आहे. सर्वेक्षण करा, प्रमाणपत्र द्या, जागा ठरवून द्या, फेरीवाल्यांचे प्रतिनिधी असलेली समिती नेमा, असं सगळं त्यात लिहिलंय. आईने किती वेळा कागद भरले त्याची मोजदाद नाही.

काकांच्या गणितात खांब-झाडांची १.२ मीटरची पट्टी आहे आणि तिच्या पुढे २.२ ची. तिथे आम्हाला चार फूट बाय चार फूट आखून द्या. आई त्या रेघेच्या बाहेर बोटभर येणार नाही, मी शब्द देते. आणि एक लक्षात घ्या. स्टेशनवरून रात्री साडेदहाला एकटी येणारी मुलगी आमच्या बाजूच्या फुटपाथने जाते, समोरच्या मोकळ्या फुटपाथने जात नाही. आमचे दिवे असतात, आई तिला नावाने ओळखते.


रुईपान | रविवार, रात्री ९.१५

पथारीताई, ती साडेदहाला येणारी मुलगी मीच समजा. अगदी खरं आहे.

मला ओलांडण्याबद्दल लिहायचंय. २०२० साली दादर-माहीमच्या सिग्नलांवर चालणाऱ्या पुरुषाच्या जागी बाईची आकृती आली, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आता त्या बाईला पलीकडे पोचायला वेळही हवा. आमच्या चौकात रस्ता साधारण २४ मीटर. तरुण माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरलं तरी २० सेकंद लागतात. माझी आजी फार तर ०.८ ने चालते, तिला ३० हवेत. सिग्नल मिळतो १६ सेकंदांचा. आजी मध्यापर्यंत पोचते तोवर लाल होतो आणि डावीकडून मोकळी वळणारी रिक्षा तर कुठल्याच रंगाला थांबत नाही. मध्ये उभं राहायला दीड-दोन मीटरची सपाट जागा केली, दुभाजक तेवढा कापला, तर ती दोन टप्प्यांत जाईल. आणि कोपऱ्याचं वळण जरा आवळलं तर डावीकडे वळणारा आपोआप हळू होईल. मालाडच्या मीठचौकीला रंग आणि शंकू ठेवून चौकाची मांडणी अशीच बदलून बघितली होती. आधी रंगाने करून बघायचं, जमलं की पक्कं बांधायचं, ही पद्धत मला फार आवडते. चुकलं तर पुसता येतं.

कृपा करून कुणी स्कायवॉक, म्हणजे चालणाऱ्यांसाठीचे ते उंच पूल, सुचवू नका. वांद्रे पूर्वेचा पहिला स्कायवॉक २००८ साली सुरू झाला, मग शहरभर झाले. आजी एकदाही चढली नाही.


सदाशिव_पेठ_ते_सायन | सोमवार, सकाळी ८.००

मूळचा पुण्याचा, सध्या सायनला. जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद केले तेव्हा दुकानदार म्हणत होते धंदा बसेल. संध्याकाळी जाऊन बघा, बसायला बाक मिळत नाही. मात्र तिथेही फुटपाथवर दुचाकी चढतातच, हे खरं. अनघाच्या ताईंना: खुंटांमध्ये एक मीटरच्या वर अंतर ठेवलं तर चेअर जाईल, पण मोटरसायकलही जाईल. त्यावर खुंटाने मात होणार नाही, तिथे माणूस उभा करून दंडच करावा लागेल.


कुर्ल्याचा_पाऊस | सोमवार, दुपारी १.३०

काल आईला हॉस्पिटलमधून आणताना मुद्दाम मोजलं. आमच्या इमारतीच्या गेटपासून गाडी लागते तिथपर्यंत ४० पावलं. मी रोज गाडी, गाडी म्हणतोय, पण आईची सगळी दमछाक त्या ४० पावलांत होते, कारण मध्ये उघडं चेंबर आहे आणि ते चुकवायला तिला रस्त्यावर उतरावं लागतं. मोजेपर्यंत हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

दोन लेनचं गणित अजून पूर्ण पटलेलं नाही. अॅम्ब्युलन्स आली तर काय, हा प्रश्न आहे. पण रस्त्याच्या कडेला माल उतरवण्याची वेळ ठरवली, सकाळी सातच्या आत आणि रात्री दहानंतर, तर निम्मी कोंडी सुटेल असं वाटतं.


डेपोकर | सोमवार, रात्री ९.५०

दादा, अॅम्ब्युलन्सचा प्रश्न रास्त आहे. कडेची २.२ ची पट्टी जिथे माल उतरवायला ठेवली आहे तिथे गाड्या त्यात सरकून वाट देऊ शकतात. सलग शंभर मीटर पार्किंग ठेवलं तर नाही देऊ शकणार. म्हणून दर तीस-चाळीस मीटरवर पट्टी मोकळी ठेवायला हवी. हे तुमच्यामुळे सुचलं, माझ्या कागदावर नव्हतं.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मी, बायको आणि आमच्या इमारतीतले दोघे थांब्यापासून घरापर्यंतचे ते साडेतीनशे मीटर नीट मोजणार आहोत. पातळी, रुंदी, जाळ्या, डबे, सगळं. वॉर्ड ऑफिसला द्यायचं तर आकडे हवेत. घाटकोपरच्या आसपासचं कुणी असेल तर या.


सिमेंटपाणी | सोमवार, रात्री १०.२०

येतो. लेव्हल घेण्याचं यंत्र आणतो, मोजपट्टीने उतार कळत नाही.


पांढरी_काठी | सोमवार, रात्री १०.३५

मी ठाण्याहून येईन. सकाळच्या गाडीने साडेसहाला पोचतो. डोळ्यांनी मोजून झालं की काठीने एकदा चालून बघू.


डेपोकर | पुढचा रविवार, दुपारी १२.४०

मोजणी झाली. नऊ जण होतो. पथारीताई आईला घेऊन आल्या होत्या, मावशींनी सगळ्यांना चहा दिला.

साडेतीनशे मीटरमध्ये १.८ मीटरची मोकळी रुंदी फक्त ९२ मीटरवर मिळाली. अकरा चढउतारांपैकी सात ठिकाणी फुटपाथ सरळ नेता येईल, लेव्हल जुळते असं सिमेंटपाणी म्हणाले. चार ठिकाणी गेट खरंच खोल आहे, तिथे सोसायटीशी बोलावं लागेल. थांब्याच्या वरच्या अंगाची जाळी सापडली, पण ती सिमेंटखाली अर्धी बुजलेली आहे. काठीवाले दादा दोनदा चालले. पहिल्या फेरीत सहा ठिकाणी अडले. त्यातले दोन अडथळे आम्हा आठ डोळसांच्या यादीत नव्हतेच: एक दुकानाचं बाहेर उघडणारं शटरचं हँडल, आणि एक तिरका तणाव देणारी खांबाची तार.

शटरवाल्या शेठना तिथेच सांगितलं. त्यांनी आत जाऊन हातोडी आणली आणि हँडल आतल्या बाजूला वळवलं. तार विजेवाल्यांची आहे. अर्ज उद्या सकाळी द्यायचा आहे, त्यावर नऊ सह्या झाल्यात. बायकोची सही दहावी, ती घरी राहिली होती. संध्याकाळी तिच्याबरोबर थांब्यापर्यंत जाणार आहे, शटरच्या जागेवरून ती आज पहिल्यांदा भिंतीकडून जाईल.